सादरीकरण चालू असताना प्रोजेक्टर बंद पडला, तर गुणांचे काय करावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात आपण भूगोल विभागात नुकतेच रुजू झाला आहात आणि तृतीय वर्षाच्या सेमिनारची जबाबदारी आपल्याकडे आली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला १० मिनिटे बोलायला आणि ५ मिनिटे प्रश्नांना दिली होती. प्रोजेक्टर मध्येच बंद पडत राहिला, एका विद्यार्थिनीचे सादरीकरण दोनदा तुटले आणि त्यानंतर तिला पुढे बोलताच आले नाही. तिला किती गुण द्यावेत, आणि पुढच्या सत्रापासून स्लाइडच बंद कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मीही भूगोल शिकवतो आणि आमच्याकडील सेमिनारचे संयोजन बरीच वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्लाइड बंद करू नयेत. उपग्रहचित्र, स्थलनिर्देशक नकाशा, दहा वर्षांच्या पर्जन्यमानाचा आलेख या गोष्टी आपल्या विषयात दाखवाव्याच लागतात. बदल करायचा तो जबाबदारीच्या वाटणीत. आज यंत्र बिघडले की त्याची झळ थेट विद्यार्थ्याच्या गुणांना बसते, आणि ज्या यंत्राची खरेदी, दुरुस्ती किंवा जोडणी यांपैकी काहीही त्याच्या हातात नाही, त्याची किंमत त्याने मोजावी हे मला अन्याय्य वाटते. हा धोका विभागाने स्वतःकडे घ्यावा आणि तो घेतल्याचे विद्यार्थ्यांना आधीच, लेखी स्वरूपात सांगावे. खालच्या बहुतेक सूचना याच एका निर्णयातून निघालेल्या आहेत.

पहिला नियम वेळेचा. यंत्र थांबले की घड्याळ थांबते, हे सेमिनारच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहा. त्याचबरोबर दुरुस्तीलाही मर्यादा घाला. आमच्याकडे ती ३ मिनिटांची आहे. तेवढ्यात पडद्यावर चित्र आले नाही, तर विद्यार्थी स्लाइडशिवाय पुढे बोलतो आणि त्याला उरलेल्या वेळेपेक्षा २ मिनिटे जास्त मिळतात. ही मर्यादा कोणाच्या मनावर सोडू नका. ती ठरलेली नसली, की 'आता येईल, आता येईल' करत पंधरा मिनिटे जातात आणि त्या पंधरा मिनिटांत समोर उभ्या असलेल्या मुलाचा सगळा धीर सुटतो. बहिस्थ परीक्षक असतील तर त्यांनाही हा नियम सकाळीच दाखवून त्यांची संमती घ्यावी, म्हणजे ऐन वेळी मतभेद होत नाहीत.

दुसरा नियम गुणांचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. स्लाइडच्या मांडणीला जे काही गुण ठेवले असतील, ते भिंतीवर काय दिसले यावरून देऊ नका, आदल्या दिवशी जमा झालेल्या फाइलवरून द्या. प्रत्येकाची पीडीएफ प्रत आपल्याकडे असते, ती शांतपणे वाचा, नकाशाला प्रमाण आणि सूची आहे की नाही, आलेखाच्या अक्षांना एकके आहेत की नाही, हे तिथेच तपासा आणि ते गुण सादरीकरणापूर्वीच नोंदवून ठेवा. मग प्रत्यक्ष सादरीकरणात उरतात ते विषयाची समज, मांडणीचा क्रम, बोलण्यातील स्पष्टता आणि प्रश्नांना दिलेली उत्तरे. यांपैकी कशालाही प्रोजेक्टर लागत नाही.

यावर काही सहकारी म्हणतात की उपकरण सांभाळणे हेही कौशल्य आहे, उद्या नोकरीत कोणी सवलत देणार नाही. हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जे विद्यार्थ्याच्या हातात आहे, म्हणजे फाइल मुदतीत देणे, ती उघडते का हे तपासणे, सोबत छापील प्रत आणणे, त्याचे दोन-तीन गुण अवश्य ठेवा. परंतु वीज, दिवा, केबल आणि महाविद्यालयाचा संगणक त्याच्या हातात नाही. शिवाय आपल्या वर्गात स्वतःचा लॅपटॉप असलेली मुले थोडी आणि मोबाइलवर स्लाइड तयार करणारी मुले बरीच असणार. उपकरण सांभाळण्याच्या नावाखाली आपण नकळत घरच्या परिस्थितीला गुण देऊ लागतो, आणि हे टाळण्यासाठी मला कितीही खटाटोप करावा लागला तरी चालेल.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे येऊ. प्रत्येकाने आपापला लॅपटॉप आणून जोडायचा, ही पद्धत बंद करावी. २४ विद्यार्थी असतील आणि प्रत्येक जोडणीला ३ मिनिटे लागत असतील, तर ७२ मिनिटे नुसती केबल काढण्या-घालण्यात जातात, आणि प्रत्येक वेळी नवा बिघाड होण्याची शक्यता राहते. त्याऐवजी वर्गातील एकच संगणक वापरा, आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या फाइल मागवा, हजेरी क्रमांक आणि नाव अशी नावे देऊन त्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरची प्रत दुसऱ्या एका लॅपटॉपवर घेऊन तो शेजारी चार्ज करून ठेवा. फाइल दोन प्रकारांत मागवा: मूळ पीपीटी आणि तिची पीडीएफ. पीडीएफमध्ये अॅनिमेशन आणि व्हिडिओ नाहीसे होतात, पण अक्षरे आणि आकृत्या जागच्या जागी राहतात.

पेन ड्राइव्हवर फाइल घेण्याचे शक्यतो टाळावे. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून आणि संगणक कक्षांतून तो शॉर्टकट व्हायरस अजूनही फिरतो, ज्यात मूळ फोल्डर दिसेनासे होऊन त्याच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसतो. तसे झाले तर त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. फाइल बहुतेक वेळा नष्ट झालेली नसते, फक्त लपवलेली असते. फोल्डरच्या दृश्य-पर्यायांत जाऊन लपवलेल्या आणि प्रणालीच्या संरक्षित फाइल दाखवण्याची सोय चालू केली, की ती दिसू लागते.

मराठी माध्यमाच्या वर्गाला एक अडचण विशेषत्वाने येते, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मूळ स्लाइडवर 'पर्जन्यछायेचा प्रदेश' असे शीर्षक असते आणि वर्गातल्या संगणकावर तिथे इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची निरर्थक ओळ उमटते. विद्यार्थी हादरतो, कारण घरी किंवा डीटीपीच्या दुकानात सर्व काही ठीक दिसलेले असते. याचे कारण असे की श्रीलिपी किंवा कृतिदेव यांच्या जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तिथे मूळ इंग्रजी संकेतच दिसतात. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असतो, म्हणून तिच्यात लिहिलेल्या मजकुराचे तसे होत नाही. तिथे फॉन्ट नसला तरी दुसरा देवनागरी फॉन्ट त्याची जागा घेतो. ओळी थोड्या सरकतील, पण मजकूर वाचता येतो. म्हणून सूचनापत्रात युनिकोड सक्तीचे करा. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोज ८ पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत असतो, तो वापरायला सांगितला की प्रश्न बहुतांशी मिटतो. दुकानातूनच टंकलेखन करून घ्यावे लागत असेल, तर तिथल्याच संगणकावर पीडीएफ बनवून घ्यावी, कारण पीडीएफ तयार होताना फॉन्ट सहसा तिच्यातच साठवला जातो.

अक्षरांच्या आकाराचाही यात संबंध आहे. पॉवरपॉइंटच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्या नवी स्लाइड रुंद, म्हणजे १६:९ प्रमाणात काढतात. आपल्याकडचे अनेक प्रोजेक्टर मात्र अजून १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे, म्हणजे ४:३ प्रमाणाचे आहेत. त्यावर रुंद स्लाइड दाखवली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि ठिपक्यांच्या ७६८ आडव्या ओळींपैकी फक्त ५७६ वापरल्या जातात. चित्राची चौथा हिस्सा उंची वाया जाते. जोडाक्षरे, रफार आणि मात्रा असलेले मराठी अक्षर तेवढ्यात शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही. प्रोजेक्टर जुना असेल तर स्लाइडचे प्रमाण आधीच ४:३ ठेवायला सांगा, आणि अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको असा दंडक घाला.

जोडणीचे बिघाड थोडक्यात सांगतो, कारण ते ओळखीचे असतात. संगणकावर स्लाइड दिसते आणि पडदा मोकळा आहे, तर विंडोजची कळ दाबून धरून पी दाबावे आणि डुप्लिकेट निवडावे. 'नो सिग्नल' आले तर प्रोजेक्टरवरचे सोर्स बटण दाबून योग्य मार्ग निवडावा. 'आउट ऑफ रेंज' आले तर संगणकाचे रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर आणावे. चित्र एकदम गुलाबी, पिवळे किंवा निळसर झाले, तर व्हीजीए केबलचे, म्हणजे प्रोजेक्टरकडे चित्र नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केबलचे, टोक काढून बघा. त्यात १५ टाचण्या असतात आणि लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाला स्वतंत्र टाचणी असते. एक वाकली किंवा नीट टेकली नाही, की तो रंगच गायब होतो. टोकाच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू कोणी आवळत नाही, म्हणून ते सैल होऊन लोंबकळते आणि टाचण्या वाकतात. हे स्क्रू हाताने आवळून ठेवणे हा फुकटचा आणि परिणामकारक उपाय आहे. कन्व्हर्टर विकत घेताना दिशा बघावी, कारण एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा हे दोन वेगळे नग आहेत आणि एक दुसऱ्याचे काम करत नाही. टाइप-सीचे छिद्र आहे म्हणून चित्र बाहेर येईलच असेही नाही. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त चार्जिंगसाठी किंवा फाइल हलवण्यासाठी असते.

आता आपल्या प्रोजेक्टरबद्दल. आपण लिहिले आहे की तो साधारण अर्ध्या तासाने बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा नीट चालतो. या लक्षणावरून मला दाट शंका आहे ती तापण्याची. त्याच्या अंगावर तापमानाचा एक छोटा दिवा असतो. बंद पडताना तो लाल किंवा नारिंगी होतो का ते बघा. हवा आत घेणाऱ्या जाळीवर खडूची भुकटी आणि धूळ साचली, की आतला पंखा पुरेशी हवा खेचू शकत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर ती जाळी काढावी आणि मऊ ब्रशने झटकावी. प्रोजेक्टरच्या मागे आणि बाजूला वहीइतकीही अडचण ठेवू नये. मेनूमध्ये इको असा पर्याय असतो, त्याने प्रकाश थोडा कमी होतो पण उष्णताही कमी होते. खिडक्यांना पडदे असतील तर तेवढा प्रकाश पुरतो.

त्याचा दुसरा स्वभावही माहीत असावा. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये उच्च दाबाचा, पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. वीज जाऊन तो अचानक विझला, की आतली वाफ इतकी तापलेली आणि दाबाखाली असते की वीज आली तरी दिवा लगेच पेटत नाही. त्याला काही मिनिटे थंड व्हावेच लागते. अशा वेळी सगळे घाईघाईने बटण पुन्हा पुन्हा दाबतात आणि उशीर वाढतो. महाविद्यालयात जनरेटर असला तरी वीज गेल्यापासून तो सुरू होईपर्यंतची काही सेकंदेही या दिव्याला विझवायला पुरेशी आहेत. म्हणून संगणकाबरोबर प्रोजेक्टरही यूपीएसवर ठेवता येईल का, हे विद्युत कर्मचाऱ्याला विचारा. असे प्रोजेक्टर बहुधा दोन-तीनशे वॅट वीज घेतात, त्यामुळे संगणकाचा लहान यूपीएस दोन्हींचा भार पेलेल असे गृहीत धरू नका. क्षमता बघूनच जोडावे. एलईडी किंवा लेझरच्या प्रोजेक्टरला ही थांबण्याची अडचण नसते, आणि नवीन खरेदीचा प्रस्ताव आपल्याला करायचा असेल तर हा मुद्दा त्यात अवश्य लिहा.

व्हिडिओ आणि इंटरनेट यांवर विसंबू नये एवढेच सांगेन. व्हिडिओ हवाच असेल तर तो एक मिनिटाचा, फाइलसोबत दिलेला आणि एमपी४ मध्ये, एच २६४ या प्रकारात असावा; नव्या मोबाइलवर चित्रित केलेले काही व्हिडिओ जुन्या संगणकावर उघडतच नाहीत. आवाज येत नसेल, तर तो एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरकडे गेला आहे का ते आधी बघावे. ज्यांनी कॅनव्हा किंवा गुगल स्लाइडवर काम केले आहे, त्यांनी आदल्या दिवशीच ते उतरवून द्यावे. वर्गातल्या संगणकावर कोणी स्वतःचे जीमेल किंवा व्हॉट्सअॅप उघडू नये, कारण पुढच्या मुलाच्या नकाशावर घरच्या गटातला निरोप झळकतो आणि खाते तसेच उघडे राहून जाते.

यंत्र थांबते त्या क्षणी वर्गात काय घडते, तेही ठरवून ठेवायला हवे. सहसा पाच जण उठून लॅपटॉपभोवती जमतात, प्रत्येक जण वेगळी कळ सुचवतो आणि बोलणारा विद्यार्थी त्या गर्दीच्या कडेला हात चोळत उभा राहतो. आम्ही प्रत्येक सत्रासाठी दोन विद्यार्थी तंत्रसहायक म्हणून नेमतो. बिघाड झाला तर यंत्राला फक्त तेच दोघे हात लावतात. शिक्षकाने उठून मोठ्याने सांगायचे, 'घड्याळ थांबवलं आहे, तू निवांत हो.' हे वाक्य वर्गाच्याही कानावर पडले पाहिजे, कारण त्या मुलाला खरी भीती असते ती सगळे आपल्याकडे बघत आहेत याची. तीन मिनिटे रिकामी जाऊ नयेत म्हणून परीक्षकाने त्या वेळात आधी सांगून झालेल्या भागावर एखादा सोपा प्रश्न विचारावा. बोलणे सुरू राहिले की धीर टिकतो.

स्लाइडशिवाय बोलता येणे मात्र ऐन वेळी सुचत नाही, त्याची तयारी आधी करून घ्यावी लागते. मागे एका पावसाळ्यात आमच्याकडे एक विद्यार्थी दख्खनच्या बेसाल्टमधील भूजलावर बोलत असताना वीज गेली. त्याने खडू घेतला आणि फळ्यावर आडवी रेघ मारून म्हणाला, 'ही जमीन.' तिच्याखाली मुरमाचा थर काढला, त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट, आणि त्याखाली तिरप्या रेघा भरून कठीण कातळ. मग डावीकडे एक रुंद विहीर काढली, ती भेगाळलेल्या थरात आणून थांबवली. उजवीकडे एक बारीक बोअर थेट कातळात खोल नेली. वर्गाकडे वळून त्याने विचारले, 'पाणी कोणाला लागेल?' बहुतेकांनी बोअर म्हटले. तेव्हा त्याने कातळातून जाणारी एक फट काढली, ती बोअरला न भेटता बाजूने गेली, आणि फट सापडली नाही तर खोल बोअरही कोरडी का राहते हे समजावले. त्याच्या स्लाइडवर हीच आकृती पूर्ण तयार, रंगीत आणि नावांसह एकदम येणार होती. फळ्यावर ती थराथराने उलगडली, म्हणून प्रत्येक थर कशासाठी आहे हे मागच्या बाकापर्यंत पोहोचले. तेव्हापासून आम्ही मुलांना सांगतो की स्लाइडवरची आकृतीसुद्धा अशीच टप्प्याटप्प्याने आणा.

ही तयारी करून घेण्यासाठी सेमिनारच्या आधीच्या आठवड्यात एक तासिका पुरते. प्रत्येकाने फक्त २ मिनिटे, हातात कागद न घेता, आपल्या विषयाचा प्रश्न काय आणि आपल्याला काय आढळले एवढे सांगायचे. त्यानंतर त्याला विचारायचे की तुझ्या स्लाइडपैकी कोणत्या तीन नसतील तर तुझे म्हणणे अडेल. बहुतेकांच्या बाबतीत त्या एखादा नकाशा, एखादा आलेख आणि एखादे छायाचित्र अशा असतात. त्या तीन साध्या ए४ कागदावर छापून आणायला सांगायच्या. नकाशा शक्य तर ए३ वर. वीज गेली की ते कागद फळ्यावर चिकटवायचे किंवा बाकांवरून फिरवायचे. ज्यांना छपाईचा खर्च जड जातो, त्यांचे कागद विभागाने छापून द्यावेत. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांच्या पीडीएफ सकाळीच टाकून ठेवण्याचाही उपयोग होतो, कारण पडदा गेला तर मुले आपापल्या मोबाइलवर स्लाइड उघडतात. बोलणाऱ्याने फक्त 'सातवी स्लाइड बघा' असे क्रमांक सांगत जायचे. त्यासाठी प्रत्येक स्लाइडवर क्रमांक हवा, आणि तो मोठा हवा.

सत्र संपल्यावर झालेल्या बिघाडांची नोंद त्याच दिवशी एका वहीत करावी: कोणत्या खोलीत, किती वाजता, कोणते लक्षण, काय केल्यावर सुरू झाले. तोंडी तक्रारीची दखल घेतली जात नाही. तारखांसह लिहिलेली चार पाने प्राचार्यांपुढे ठेवली की दुरुस्तीचा खर्च मंजूर व्हायला आधार मिळतो. महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनात, म्हणजे राष्ट्रीय पातळीवरच्या गुणवत्ता-तपासणीत, आयसीटीयुक्त (संगणक, प्रोजेक्टर अशी साधने असलेल्या) वर्गखोल्या दाखवल्या जातात, त्यामुळे त्या खोल्यांतली उपकरणे प्रत्यक्षात चालती असावीत हा आग्रह आपण विभागातर्फे निःसंकोचपणे धरावा.

राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. अर्धवट राहिलेल्या सादरीकरणावरून अंदाजाने गुण देऊ नका, आणि सहानुभूतीने सरासरी गुणही देऊ नका; दोन्हींत तिचे काम तपासलेच जात नाही. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे भरण्याची मुदत बघा आणि तिच्या आत तिला नवीन वेळ द्या. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या आणि कारणात 'उपकरणातील बिघाड' असे स्पष्ट लिहा, म्हणजे ती फेरपरीक्षा ठरणार नाही आणि इतरांचा आक्षेपही राहणार नाही. शक्य तर तेच परीक्षक ठेवा, वेळ तीच १० आणि ५ मिनिटांची ठेवा, पण पूर्ण वर्ग बोलवू नका. तिने निवडलेल्या पाच-सहा मैत्रिणी समोर बसल्या तरी चालेल. आधी तिच्याशी दहा मिनिटे बोला, तिची पीडीएफ आपण वाचली आहे आणि त्यातले अमुक चांगले आहे हे तिला सांगा, आणि प्रोजेक्टर हवा की फळा, हे तिलाच ठरवू द्या.